आबांच्या लाल फडक्यातली पोथी

"ही पोथी न्हाई," मी म्हणाले.

मांडीवर माझी सात वर्षांची पोर होती. सकाळपासून तिनं डोळा उघडला नव्हता. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि नाकपुड्या फडफडत होत्या. अंगावरचा गोवर मावळला होता, पण ताप हटत नव्हता. अशा वेळी गोवर आत उतरला म्हणतात. आत उतरलेला गोवर मी पाहिला होता. महिनाभरापूर्वी, आमच्याच गल्लीत, दुसऱ्याच्या मांडीवर.

समोर सासूबाई बसल्या होत्या. त्यांचं एकच म्हणणं होतं. घरात देवी आली आहे, तिच्यापुढं पोथी लावली आहे, ती दोन दिवसांत संपेल. मग पोरीला कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालू. तोवर तिला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही आणि अंगाला सुई लागू द्यायची नाही.

पोर दोन दिवस काढणार नव्हती. ते मला दिसत होतं.

"ही पोथी न्हाई, आत्याबाई," मी पुन्हा म्हणाले. "सहा दिस झाले, मी तुमाला फशिवलं. ही चोराची गोष्ट हाय."

बाहेर ओट्यावर दोन माणसं बसली होती. त्यांनीही ते ऐकलं.

मी काय केलं होतं ते आधी सांगते.

मोठ्या दुष्काळाच्या नंतरचं वर्ष. पोखर्णीच्या अलीकडं आमचं गाव, चार एकर रान. पोरीचा बाप कालव्याच्या कामावर गेलेला, पंधरा दिवसांनी घरी यायचा. घरात सासूबाई, मी आणि पोर. चैत्र लागायच्या आधी पोरीला गोवर निघाला. गोवर निघाला की आमच्याकडं 'बाया आल्या' म्हणत. म्हणजे देवी पाहुणी आली. ती घरात असेपर्यंत फोडणी द्यायची नाही, वेणीफणी करायची नाही, सुईदोऱ्याला हात लावायचा नाही, रानात जायचं नाही. दाराला लिंबाची डहाळी खोचायची, म्हणजे बाहेरच्यानं उंबरा ओलांडायचा नाही. आजाऱ्याजवळ नुसतं बसायचं. बाईमाणसाला एवढी सुट्टी बाळंतपणातसुद्धा मिळत नाही.

सासूबाईंनी नवस बोलला की देवी आहे तोवर तिच्यापुढं रोज पोथी वाचायची. वाचणार मी. मी चौथी शिकलेली होते.

चौथी म्हणजे वालूरच्या शाळेतली. शाळेत पत्र्याची एक पेटी होती, तिच्यात गोष्टींची पुस्तकं. पंचवीसेक असतील. ती सगळी मी वाचली होती, काही तीनतीनदा. म्हशीमागं जाताना वाचायची आणि म्हैस दुसऱ्याच्या रानात शिरायची, म्हणून मारही खाल्ला होता. मग लग्न झालं. सासरी पुस्तक नव्हतं. बारा वर्षं मी फक्त पत्रं वाचली, तीही लोकांची. गल्लीत लिहितावाचता येणारी बाई मीच. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की घरात कोणी गेलं हे बाईला आधीच कळायचं, कोण गेलं तेवढं मी सांगायचं. कार्ड माझ्या हातात दिलं की बाई कार्डाकडं बघायची नाही, माझ्या तोंडाकडं बघायची. वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं मढं सगळ्यांच्या आधी आपण बघणं, असं मला झालं होतं. नको वाटायचं.

पोथी आणायला सासूबाई शेजारी गेल्या. भिंतीला भिंत लागून आबांचं घर. आबा म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलत चुलते. गावात त्यांचा मान होता तो पोथीमुळं. रोज दुपारी ते ओट्यावर लाल फडकं सोडून बसायचे, चष्म्याची तुटकी काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि ओठ न हलवता तासन्‌तास वाचायचे. त्यांच्यासमोरून जाताना माणसं बिडी विझवायची. त्या दिवशी आबा सोनपेठला लेकीकडं गेले होते. त्यांच्या सुनेनं भिंतीतल्या देवळीत हात घातला. लाल फडक्यातली दोन गाठोडी होती. एकावर बोटभर धूळ, दुसरं रोजच्या हातातलं. तिनं रोजच्या हातातलं दिलं. शहाण्या बाईनं तेच दिलं असतं.

मी न्हाले, पाटावर बसले. सासूबाईंनी ऊद घातला, फडक्याला हळदकुंकू वाहिलं, हात जोडून डोळे मिटले. मी फडकं सोडलं. आत जुनं, पान पिवळं पडलेलं पुस्तक. परभणीच्या वाचनालयाचा शिक्का. पोथीला सुटी आडवी पानं असतात, याला शिवलेली उभी पानं होती. मध्येच पिंपळाचं वाळलेलं पान खुणेला घातलेलं.

पहिल्याच ओळीत गढीच्या दिंडीदरवाज्यावर तीनदा थाप पडत होती.

मी थांबले. सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "काय झालं गं? दिसंना का?"

"दिसायलंय," मी म्हणाले. सांगून टाकणार होते. पण सांगितलं तर दुसरी पोथी येणार. पोथी न कळता वाचायची, न कळता ऐकायची, हे मला ठाऊक होतं. आणि त्या थापेच्या पुढं काय आहे ते मला बघायचं होतं. खरं कारण हे.

मी पोथीच्या चालीत वाचायला लागले. लांब सूर काढून. दिंडी उघडते, बाहेर घोडा, घोड्यावर कोणी नाही, खोगिराला रक्त. सासूबाई मान हलवत "हरी हरी" म्हणत होत्या. आणि खाटेवरून आवाज आला, "मानूस कुटं गेलं मग?"

माझी पोर. दोन दिवस ती 'पाणी' सोडून काही बोलली नव्हती.

मग मी थांबलेच नाही. पहिल्यांदा बोट ठेवून, अक्षर लावून वाचत होते. जोडाक्षर आलं की ठेच लागायची. चौथ्या पानापर्यंत बोट कधी सुटलं ते कळलं नाही. गोष्ट अशी होती: गढीतला धाकटा भाऊ नाहीसा होतो. कारभारी म्हणतो, तो पळून गेला. बहीण मानत नाही. ती फेटा बांधून, पुरुषाच्या वेशात घोड्यावर बसून त्याला शोधायला निघते. कारभाऱ्याच्या मिशांचं वर्णन अर्धं पान होतं. तेही मी चालीत वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराबाहेर खाकरल्याचा आवाज आला. आबा. सोनपेठहून आले ते पिशवी खांद्यावर तशीच घेऊन आले होते. मी पदर पुढं ओढला. चुलत का असेना, सासराच. त्यांच्याशी मी कधी बोलत नव्हते, तेही माझ्याशी बोलत नव्हते.

"वैनी," ते बाहेरून म्हणाले, "आमची पोथी इकडं आली म्हणं."

"आली की," सासूबाई म्हणाल्या. "देवीपुढं लावली. आता संपल्याबिगर देत न्हाई. अर्धी पोथी उठवत्यात व्हय?"

आबांच्यानं नाही म्हणवेना. अर्धी पोथी उठवू नये, हे गावाला सांगणारे तेच.

"ते खरंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "कंचा अध्याय चाललाय?"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी पोरीच्या कानात सांगितलं. पोरीनं बारीक आवाजात ओरडून सांगितलं, "आबा, तिनं फेटा बांधला!"

बाहेर ओट्यावर बूड टेकल्याचा आवाज. "चालू द्या," आबा म्हणाले. "मी हितंच ऐकतो. माझा नेम मोडाय नको."

त्यानंतर रोज दुपारी ते ओट्यावर. पिंपळाच्या पानाच्या खुणेपर्यंत ते भिंतीला टेकून शांत बसायचे, पुढचं सगळं माहीत असल्यासारखे. खूण मागं पडल्यावर पुढं सरकून बसायला लागले. मी घाईनं वाचलं की भिंतीला सांगायचे, "त्या वाचनाऱ्या मानसाला म्हणावं, मागचं पान परत घ्या. जरा सावकाश."

तिसऱ्या दिवशी माझी मैत्रीण आली. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. तिचं रान आमच्या रानाला लागून, आमची सावड होती: एक दिवस ती माझ्या गव्हात, एक दिवस मी तिच्या. मी का आले नाही ते बघायला ती आली, दाराला लिंब बघून ओट्याच्या टोकाला बसली. सासूबाई तिला ओंजळीत वरून पाणी द्यायच्या. मीही त्या वेळी काही म्हणायची नाही. ती सातवी शिकलेली होती. माझं चालीतलं वाचन तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि पदर तोंडात कोंबला. मी खिडकीतून डोळे वटारले.

वाचन थांबल्यावर ती खिडकीपाशी आली. "कारभाऱ्याची पोथी लावायलाव व्हय, वैनी?"

"गप बस."

"मी काय कुनाला सांगत न्हाई. पर उद्या मी आल्याबिगर सुरू नगा करू."

मग तिनं पोरीकडं बघितलं आणि तिचं हसू गेलं. "ताप उतरंना का? परभणीला न्या. आमी बाया मानत न्हाई. माझ्या पोराचा गोवर आत गेला तवा सुया दिल्या, आता दगडं मारत हिंडायलंय."

"आत्याबाई न्हाई म्हनत्यात."

"तुमी काय म्हनता?"

मी उत्तर दिलं नाही. हे मला अजून खुपतं. तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. पोर गोष्ट ऐकत होती, मध्येच बोलत होती, मला वाटलं निभेल. गोष्टीनं ती बरी होते आहे असं मी स्वतःला समजावलं. गोष्टीनं कुणी बरं होत नाही. सातव्या दिवशी सकाळपासून पोर डोळे मिटून पडलेली, तरी मी वाचायला बसले. बहीण तळघराच्या पायऱ्या उतरते तिथं मी आले, आणि पोरीनं 'पुढं' म्हटलं नाही. मी हाक मारली. तिनं डोळा उघडला नाही.

तेव्हा मी ते बोलले. ही पोथी नाही. म्हणजे नवस नाही, दोन दिवस थांबायचं कारण नाही.

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता हात उचलतील.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

मी पोरीला जवळ ओढलं.

"पयल्या दिशीच कळलं. सारा जनम पोथी ऐकली म्या. पोथीत चोर आला तरी कुनी त्याच्या मिशा सांगत बसत न्हाई."

"मग बोलला का न्हाई?"

"पोर ऐकायली व्हती." त्यांनी खाली बघितलं. "आन मलाबी ऐकू वाटायलं व्हतं."

असं म्हणून त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं, एकदा या गालावर, एकदा त्या. "माझ्या कानानं घात केला. देवीपुढं म्या चोरं ऐकली, हासले. तिला राग आला. आता घराभाईर काढली तर आनखी कोपंल."

म्हणजे सहा दिवस ही बाई माझ्यासारखीच चोरून ऐकत होती. आणि पोर वाढत्या तापात गेली तशी एकटीच भीत होती. पोथी संपवली तर निदान तेवढा नेम तरी पुरा होईल, म्हणून दोन दिवस धरून बसली होती.

"राग यायचा तर माझ्यावर येऊ द्या," मी म्हणाले. "वाचलं मी. तुमी नुसतं ऐकलं. पर पोरीला आता छातीत कायतरी झालंय, ते देवीनं न्हाई झालं."

बाहेरून मैत्रिणीचा आवाज आला. "मावशी, दुपारची गाडी गाठायची तर आत्ताच निघा. मग संध्याकाळशिवाय गाडी न्हाई."

आणि आबांचा आवाज. आत्तापर्यंत भिंतीशी बोलणारा माणूस सरळ बोलला. "वैनी, ते पुस्तक माझं हाय. पाप आसंल तर ते माझ्या नावावर. मी छकडा जुपतो."

सासूबाई उठल्या. मला वाटलं देव्हाऱ्याकडं जातात. त्या दाराकडं गेल्या आणि खोचलेली लिंबाची डहाळी उपसून अंगणात टाकली. मग परत येऊन पोरीला उचलून माझ्या खांद्यावर दिली. "चल," म्हणाल्या, "बघत काय बसलीस?"

छकड्यात मी, पोर आणि मैत्रीण. मैत्रीण ओलं फडकं पोरीच्या कपाळावर धरून होती. आबा बैल हाकत होते. माझा पदर कधीच खांद्यावर आला होता. "जोरात हाका की," मी त्यांना म्हणाले. आयुष्यात त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य ते. त्यांनी बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. परभणीची एसटी फाट्यावर उभी होती, सुटायला आलेली. आबांनी छकडा तिच्यापुढं आडवा घातला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला शिव्या घातल्या. बरोबर घातल्या. छातीत कफ भरला होता. सुया सुरू झाल्या. मैत्रीण पहिला दिवस माझ्याबरोबर थांबली, तिचा भाऊ परभणीत कचेरीत कारकून होता, त्याच्या घरून तिनं भाकरी आणली. ती भाकरी मी खाल्ली. गावात कळल्यावर दोघीतिघींनी तोंडं वाकडी केली. त्या माझ्या पोरीसाठी फाट्यापर्यंतसुद्धा आल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. एकट्या एसटीत बसायला घाबरणारी बाई. पिशवीत दशम्या, आणि लाल फडक्यातलं पुस्तक.

"कशाला आनलं?" मी विचारलं.

"राहिलंय थोडं," त्या म्हणाल्या. "अर्धं उठवू नये."

पोर डोळे उघडे ठेवून पडली होती. अजून उशीवरून मान उचलत नव्हती. फडकं बघितलं तशी म्हणाली, "ती तळघरातून निगाली का गं?"

मी वाचायला बसले. चाल सोडून दिली, साधं वाचलं, माणसं बोलतात तसं. शेजारच्या खाटेवर सेलूकडची एक बाई लेकरू घेऊन बसली होती. तिनं खाट थोडी ओढून घेतली. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "मोठ्यानं, बाई, मला एका कानानं ऐकू येतं." मग पलीकडच्या खाटेपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात वाचलं. कारभारी सापडला तेव्हा सासूबाई एवढ्या जोरात "मेल्या!" म्हणाल्या की नर्स धावत आली.

घरी आल्यावर पुस्तक आबांना परत गेलं. शेवट कुणी त्यांना सांगितला नव्हता, त्यांनी सांगूही दिला नव्हता. दोन दिवसांनी ते दाराशी आले, आणि भिंतीशी न बोलता माझ्याशी बोलले. "पोरी, शेवटचं तेवढं मोठ्यानं वाचून दे. आता मुक्यानं वाचाय गोड लागंना."

तिथून आमची दुपार सुरू झाली. रानातली कामं आटोपली की आमच्या ओट्यावर. मैत्रिणीचा भाऊ सुट्टीला येताना वाचनालयातून पुस्तक आणायचा, आबा आपलं आणायचे. एक पान मी वाचायची, एक मैत्रीण. ती माझ्यापेक्षा चांगली वाचायची, बायकांचे आवाज वेगवेगळे काढायची. सासूबाई शेंगा फोडत ऐकायच्या. आवडलं नाही तर तोंडावर सांगायच्या, "ह्यो लिवनारा नुसता झाडंच सांगायलाय. मानसं कुटंयत?" सगळ्याच पुस्तकांना त्या शेवटपर्यंत पोथीच म्हणाल्या. पाणी त्यांनी मैत्रिणीला बरेच दिवस वरूनच दिलं. एका उन्हाळ्यात ती वाचता वाचता खोकायला लागली, तेव्हा हातातला तांब्या सासूबाईंनी सरळ तिच्यापुढं ठेवला. ती पाणी प्यायली आणि राहिलेलं पान पुरं केलं.

लोकांची पत्रं मी पुढंही वाचली. कोपरा फाटलेली कार्डंही वाचली. पण त्या बाया आता पत्र झाल्यावर उठून जात नव्हत्या, ओट्यावर टेकायच्या. "काई चाललंय का?" म्हणून विचारायच्या. रडून झालेलं नाक पुसत एखादीनं अर्धी गोष्ट ऐकलेली मला आठवते.

मी कुणाचे उपकार ठेवून घेणारी बाई नाही. पण यांचे आहेत, ते फिटायचे नाहीत. आबांनी गावाला फसवलं म्हणून ते पुस्तक माझ्या हातात आलं. सासूबाई सहा दिवस जाणूनबुजून गप्प बसल्या म्हणून ते हातात राहिलं. आणि मैत्रिणीनं गाडीची वेळ सांगितली. पुस्तकानं माझ्या पोरीला काही केलं नाही, जे केलं ते सुयांनी केलं. पुस्तकानं मला केलं. बारा वर्षं बंद पडलेलं काहीतरी चालू झालं, ते आज डोळ्याला भिंग लावूनही चालू आहे.

मैत्रीण दोन वर्षांपूर्वी गेली. सासूबाई आणि आबा कधीच गेले. त्या साली आमच्या गल्लीत पाच लेकरांना गोवर निघाला होता. दोन गेली, तीन जगली. माझी पोर त्या तिघांतली.